नाना शंकरशेट : आपल्या घरात शाळेला जागा देणारा व्यापारी



आपल्यापैकी कितीतरी जण कामानिमित्त नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडून मुंबईला जातात. गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला थांबली की उतरायची घाई, पुढची लोकल गाठायची घाई. त्या भव्य इमारतीकडे मान वर करून पाहायला सवड कोणाला? पण पुढच्या वेळी दोन मिनिटे थांबून जरूर पाहा. इमारतीच्या दर्शनी भिंतींवर दगडात कोरलेले काही चेहरे आहेत. ज्या रेल्वे कंपनीने हे स्थानक बांधले, तिच्याशी संबंधित मोठ्या माणसांचे ते चेहरे. बहुतेक साहेब लोकांचे आहेत. पण त्यांत एक मराठी चेहरा आहे. तो जगन्नाथ शंकरशेट यांचा. मुंबईकर त्यांना नाना शंकरशेट म्हणतात. ग्रँट रोडजवळचा नाना चौक त्यांच्याच नावाचा.

रेल्वेमुळे नाना अनेकांना ठाऊक असतात. पण रेल्वे हा त्यांच्या आयुष्याचा एक भाग होता. पेढीवर बसणारा हा व्यापारी पुढे मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात जाऊन बसला, आणि या सबंध प्रवासात त्यांच्या मनाला सतत लागून राहिलेला विषय एकच होता. तो म्हणजे शिक्षण. शिक्षण कोणाला मिळावे आणि कोणत्या भाषेतून मिळावे, हे त्यांचे प्रश्न आजही आपल्या घराघरांत विचारले जातात. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ या.

पेढीवरचा तरुण

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. घराणे दैवज्ञ समाजातले, आडनाव मुरकुटे, मूळ ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. त्यांचे पूर्वज अठराव्या शतकात मुंबईला आले आणि व्यापारात स्थिरावले. वडील शंकरशेट हे कोट भागातील मातब्बर व्यापारी. वडिलांचे नाव इतके मोठे की मुलाला मुरकुटे म्हणून फारसे कोणी ओळखलेच नाही; वडिलांचे नाव हेच त्याचे आडनाव झाले.

त्या काळी आजच्यासारखी कॉलेजे नव्हती. नानांचे शिक्षण घरीच झाले. इंग्रजीही त्यांनी घरी शिक्षक ठेवूनच शिकून घेतले. १८२२ मध्ये वडील वारले. वय अवघे एकोणीस. एवढ्या मोठ्या पेढीचा भार त्या वयात खांद्यावर आला. पण तरुणाने तो सांभाळला, वाढवलाही. अरबस्तान, अफगाणिस्तान अशा दूरदेशींचे व्यापारी आपली मौल्यवान ठेव बँकेत न ठेवता नानांच्या हवाली करून जात, असे सांगतात. व्यापाऱ्याची खरी मिळकत म्हणजे त्याची पत. ती नानांनी तरुणपणीच कमावली होती. पुढे हीच पत त्यांनी शाळांसाठी खर्च केली.

धूळपाटीपासून छापील पुस्तकापर्यंत

नाना तरुण असताना आपल्याकडे शाळा कशी असे? गावात पंतोजी असत. कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळात मुले बसत. धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवायची, पाढे घोकायचे, मोडी वाचायला शिकायचे. छापील पुस्तक नावाची वस्तू मुलांच्या हाती नसेच. मुलींचा आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींचा तर प्रश्नच उद्भवत नसे.

१८१५ मध्ये मुंबईत एक शिक्षणसंस्था निघाली होती. पण तिचे मुख्य लक्ष युरोपीय मुलांकडे. म्हणून गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने १८२२ मध्ये इथल्या मुलांसाठी एक वेगळी संस्था उभी राहिली. शाळा काढणे आणि शालेय पुस्तके तयार करणे ही दोन कामे तिने हाती घेतली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली गेली. सदाशिव काशिनाथ छत्रे, त्यांच्यानंतर बाळशास्त्री जांभेकर अशा विद्वानांनी तिचे काम केले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या इंग्रज अधिकाऱ्याने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या मदतीने गणिताची पुस्तके मराठीत आणली. छत्र्यांची ‘ईसपनीतिकथा’ आणि ‘बालमित्र’ ही पुस्तके १८२८ सालची. शिक्षकही तयार करून जिल्ह्यांच्या गावी पाठवले जाऊ लागले.

नाना या संस्थेचे आधारस्तंभ झाले. पैसा त्यांनी दिलाच. पण वेळ दिला, सल्ला दिला, आणि शहरातील धनिकांच्या दारी जाऊन त्यांनाही या कामात ओढले. १८२७ मध्ये एल्फिन्स्टन मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी दोन लाखांहून अधिक रुपये जमवले. त्या पैशांतून नुसता पुतळा उभारून गप्प न बसता उच्च शिक्षणासाठी प्राध्यापक नेमायचे ठरले. त्यातून एल्फिन्स्टन कॉलेजचा उदय झाला. हा निधी उभारण्यात आणि तो योग्य मार्गी लावण्यात नाना पुढे होते.

भाषेचा वाद

१८४० मध्ये सरकारने इलाख्याच्या शिक्षणासाठी एक मंडळ नेमले, बोर्ड ऑफ एज्युकेशन. त्यात नानांची निवड झाली आणि मंडळ बरखास्त होईपर्यंत ते त्यात राहिले. याच मंडळात त्यांच्या आयुष्यातील एक महत्त्वाचा वाद झाला.

१८४३ पासून सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश मंडळाचे अध्यक्ष होते. माणूस विद्वान, कळकळीचा. त्यांचे म्हणणे असे की सरकारजवळ पैसा थोडा आहे. तो गावोगावच्या शाळांवर विखरून टाकण्यापेक्षा थोड्या हुशार मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे. ती मुले शिकली की ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, यावर त्यांचा भर होता.

१८४७ च्या सुमारास हा वाद शिगेला पोचला. नानांनी आपला विरोध लेखी नोंदवला. कोणत्याही देशातील सामान्य जनतेपर्यंत ज्ञान न्यायचे असेल तर ते तिच्या स्वतःच्या भाषेतूनच नेता येते, ही त्यांची भूमिका होती. इंग्रजी शिकायला त्यांचा विरोध मुळीच नव्हता. ते स्वतः इंग्रजी जाणत होते; एल्फिन्स्टन कॉलेजला आणि १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजला त्यांनी बळ दिले होते. पण इंग्रजी ही एक विद्या म्हणून शिकणे वेगळे, आणि इंग्रजी आल्यावाचून कोणतीही विद्या मिळणारच नाही अशी व्यवस्था करणे वेगळे. पहिल्याने माणसाला आणखी एक दार उघडते. दुसऱ्याने बहुसंख्यांसाठी सगळी दारे बंद होतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना साध्य आणि साधन यांची गल्लत करू नये असे आम्हांला पुन्हा पुन्हा शिकवले जाई. पेढीवर बसणाऱ्या नानांना हा भेद कोणी न शिकवताच कळला होता.

या वादात नाना एकटे नव्हते. फ्रामजी कावसजी हे पारशी सभासद, महंमद इब्राहिम मकबा हे मुसलमान सभासद आणि मराठी पुस्तकांसाठी झटलेले जर्व्हिससाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले. एक हिंदू सराफ, एक पारशी, एक मुसलमान आणि एक इंग्रज लष्करी अधिकारी! धर्म चौघांचे वेगवेगळे नव्हेत तर काय. पण सामान्य माणसाच्या मुलाला त्याच्या भाषेत शिकता यावे यावर चौघांचे एकमत.

वाद सरकारपर्यंत गेला. सरकारने कोणा एकाच्याच पारड्यात सगळे वजन टाकले नाही. पुढे १८५४ मध्ये चार्ल्स वुड यांचा प्रसिद्ध खलिता आला. त्यात उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि बहुजनांचे शिक्षण देशी भाषांतून असा मार्ग सुचवला गेला. मराठी शाळा मोडीत निघाल्या नाहीत. आपले आजे-पणजे ज्या ‘जीवन शिक्षण’ किंवा लोकल बोर्डाच्या शाळांत चार बुके शिकले, त्या शाळांच्या मुळाशी असे जुने झगडे आहेत.

वाड्यातली मुलींची शाळा

दुसरी गोष्ट मुलींच्या शाळेची. मुंबईत मुलींसाठी पहिल्या शाळा काढल्या त्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी, १८२० च्या दशकात. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. त्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनमधील शिक्षक व विद्यार्थ्यांची एक सभा स्थापन झाली, आणि १८४९ मध्ये या तरुणांनी मुलींसाठी शाळा काढायचे ठरवले. दादाभाई नौरोजी त्यांत होते. आपापल्या कामावर जाण्याआधी सकाळी ही मंडळी विनावेतन शिकवीत. घरोघरी जाऊन मुलींना पाठवा म्हणून पालकांची मनधरणी करीत. काही घरी त्यांना अपमानही गिळावा लागला.

उत्साह होता, शिक्षक होते; पण जागा? मुलींच्या शाळेला जागा द्यायची म्हणजे शेजाऱ्यांचा, जातीचा रोष ओढवून घेणे. मुलगी शिकली तर बिघडते, विधवा होते, अशा समजुती घट्ट होत्या. नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मराठी मुलींच्या शाळेला जागा दिली. सनातनी मंडळींनी नाके मुरडली. नाना मागे हटले नाहीत.

बंधुभगिनींनो, इथे क्षणभर थांबावेसे वाटते. देणगी देणे हे चांगलेच काम आहे. पण देणगी दिली की आपण मोकळे होतो. आपल्याच आवारात शाळा भरवणे म्हणजे रोज सकाळी त्या मुलींना येताना पाहणे, रोज लोकांच्या कुजबुजीला सामोरे जाणे. नानांसारख्या व्यापाऱ्याची सगळी भिस्त लोकांच्या विश्वासावर. तोच त्यांनी पणाला लावला.

रेल्वे, सभा आणि संशय

१८४५ च्या सुमारास मुंबईत आगगाडी आणण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर नाना त्यात अग्रभागी होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तिच्या मानकऱ्यांत तेही होते. पुढे हीच लोहमार्गाची वाट कसाऱ्याचा थळ घाट चढून १८६५ च्या आरंभी आपल्या इगतपुरीपर्यंत जोडली गेली आणि नाशिक मुंबईला सलग जोडले गेले.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे आणि थेट विलायतेच्या पार्लमेंटपुढे मांडणारी ही पश्चिम भारतातील पहिली राजकीय संस्था. नाना तिचे अध्यक्ष, डॉ. भाऊ दाजी चिटणीस. कारभारात इथल्या लोकांना स्थान मिळावे, ही तिची प्रमुख मागणी.

मग आले १८५७. उत्तरेत बंड पेटले आणि मुंबईचे साहेब धास्तावले. ज्या नानांचा सरकारदरबारी मान होता, त्यांच्याभोवतीच संशयाचे जाळे पसरले. बंडवाल्यांशी त्यांचे संधान आहे असे आरोप झाले, पोलिसांनी चौकशी केली. तीत काहीही निष्पन्न झाले नाही. ज्यांच्यासाठी तीस-पस्तीस वर्षे झटावे त्यांनीच संशय घ्यावा, याहून मोठे दुःख कोणते? दुसरा कोणी असता तर कडवट होऊन घरी बसला असता. नाना पुन्हा कामाला लागले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले होते.

कायदेमंडळात

१८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्याला कायदेमंडळ मिळाले. त्याची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये झाली. या मंडळात प्रथमच नेमल्या गेलेल्या हिंदी सभासदांत जगन्नाथ शंकरशेट होते. सोबत रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय, सावनूरचे नवाब आणि माधवराव विठ्ठल विंचूरकर. विंचूर म्हणजे आपल्या निफाड तालुक्यातलेच! म्हणजे महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आपल्या जिल्ह्याचेही नाव आहे.

हे सभासद आजच्या आमदारांसारखे निवडून आलेले नव्हते. गव्हर्नरांनी त्यांची नेमणूक केली होती. त्यांना प्रश्न विचारता येत नसत, खर्चाच्या अंदाजपत्रकावर चर्चा करता येत नसे; समोर आलेल्या कायद्याच्या मसुद्यावर तेवढे बोलता येई. अधिकार थोडाच होता. पण ज्या सभागृहात आजवर फक्त राज्यकर्ते बसत, तिथे या देशातला माणूस बसला. नाना तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होते.

उणी बाजू

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याला देव करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. नाना ज्या शिक्षणव्यवस्थेचे खांब होते, तिचा लाभ मुख्यतः वरच्या जातींना झाला. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारण्यात आला आणि सरकारनेही तो निर्णय फिरवला नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच दुखणे मांडले : शेतकऱ्याच्या करावर शाळा चालतात, पण त्याचे मूल शाळेबाहेर राहते. सामान्य जनतेची भाषा शाळेत आणण्यासाठी नाना लढले. त्या जनतेतील शेवटच्या मुलाला शाळेत आणण्याची लढाई इतरांना पुढे न्यावी लागली. प्रत्येक पिढी काही अंतर चालते आणि उरलेली वाट पुढच्या पिढीला सोपवते.

मागे काय उरले?

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. तो महिना मुंबईसाठी काळा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेला सोन्याचा भाव ओसरला, शेअरबाजार कोसळला, अनेक गडगंज पेढ्या बुडाल्या. त्या काळच्या किती लक्षाधीशांची नावे आज आपल्याला आठवतात? नानांचे नाव मात्र राहिले. टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. पण त्याहून चिरंतन स्मारक म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावे ठेवलेली संस्कृतची शिष्यवृत्ती. मॅट्रिकच्या परीक्षेत जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवणे हा पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांतला अभिमानाचा विषय झाला. १९१२ मध्ये ती मिळवणारा चिंतामण देशमुख नावाचा मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि देशाचा अर्थमंत्री झाला.

आता आपल्याकडे येऊ. दरवर्षी प्रवेशाचे दिवस आले की पालक मला भेटायला येतात. फादर, मुलाला मराठी माध्यमात घालू की इंग्रजी? विचारताना आईच्या चेहऱ्यावर काळजी असते. स्वतः मराठी शाळेत शिकल्यामुळे आपण मागे पडलो असे तिला वाटत असते. मी तिला दोष देत नाही. नोकरीच्या बाजारात इंग्रजीला मोल आहे, हे नानांच्या काळीही खरे होते. प्रत्येक घराची परिस्थिती वेगळी. सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर माझ्याजवळ नाही.

पण नानांचे चरित्र वाचल्यावर त्या आईला एक प्रश्न मी उलट विचारू लागलो आहे. माध्यम कोणतेही निवडा. पण मुलाला शाळेत जे शिकवले जाते ते तो घरी येऊन आजीला समजावून सांगू शकतो का? सांगू शकत असेल तर ते ज्ञान त्याचे झाले. नसेल तर ते नुसते पाठांतर, आणि पाठांतरासाठी पूर्वीची धूळपाटीही पुरेशी होती. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाला घरी मराठी वाचायला शिकवा. मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला इंग्रजीची भीती वाटू देऊ नका, आणि त्याची शाळा कमी दर्जाची आहे असे त्याच्यादेखत कधी बोलू नका.

आणि एक विनंती. आपल्यातील ज्यांना देवाने चार पैसे आणि चार खोल्या दिल्या आहेत, त्यांनी नानांचा वाडा आठवावा. आपल्याच वस्तीत अशी मुले आहेत ज्यांच्या एका खोलीच्या घरात संध्याकाळी टीव्ही चालू असतो, पाहुणे असतात, स्वयंपाक असतो, आणि अभ्यासाला कोपरा नसतो. परीक्षेच्या दिवसांत अशा दोन मुलांना आपल्या घरात संध्याकाळी दोन तास बसू देणे कोणालाही अवघड नाही. त्याला वर्गणी लागत नाही, समिती लागत नाही. फक्त दार उघडावे लागते.

आपला स्नेहांकित,
प्रमुख धर्मगुरू